चांदीवर चढलेले रंग

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी विषयाच्या अध्यापकाने नाण्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मला मात्र हा विषय भाषेपासून फार दूरचा वाटत नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात नाण्यांनी किती जागा व्यापली आहे पाहा. माणूस 'खणखणीत नाणे' असतो, एखादा गडी 'बंदा रुपया' असतो, कुळाच्या नावाला 'बट्टा' लागतो. पोतदार आणि सराफ ही आडनावे आपल्या शेजारीपाजारी नांदतात. पोतदार म्हणजे सरकारी खजिन्यात येणारे नाणे पारखून घेणारा कामगार, हे मात्र आता पुष्कळांच्या ध्यानात राहिलेले नाही.

यातला 'बट्टा' हा शब्द आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. पूर्वी गावोगावच्या टांकसाळींचे रुपये वेगवेगळे असत. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ त्यावर वर्तावळ कापून घेई, ती बट्टा. नाणे झिजले असेल तर बट्टा अधिक. बंगालकडच्या सिक्का रुपयाचे तर नुसते वय वाढले तरी मोल उतरे आणि काही सालांनी त्याला 'सनवात', म्हणजे सालखाऊ, म्हणून निराळे काढीत. व्यवहाराच्या जगात नाण्याचे वय हा दोष होता. संग्राहकाच्या जगात नेमके उलटे घडले. तिथे काळाने नाण्यावर जे चढवले, त्यालाच मोल आले. चांदीच्या नाण्यावर आपोआप चढणारा रंग कसा येतो, त्याला मोल का आले, आणि आपण तो घासून का टाकतो, एवढ्याच तीन गोष्टींविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम हा रंग म्हणजे काय ते पाहू. चांदी गंजत नाही असे आपण म्हणतो आणि ते लोखंडाच्या अर्थाने खरेच आहे. पण चांदीचे गंधकाशी फार जुने सख्य आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू अत्यल्प प्रमाणात असतात. लोकर, रबर, कातडे, अंडी, हलक्या प्रतीचा कागद आणि पुठ्ठा यांतूनही गंधक सुटत असते. ते चांदीला भेटले की चांदीच्या पृष्ठभागाचे सल्फाइड बनते. आरंभी हा थर इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजावी लागते. प्रकाशाचा काही अंश या थराच्या वरच्या बाजूवरून परततो, काही अंश आत शिरून खालच्या चांदीवरून परततो. हे दोन अंश परस्परांना भेटतात तेव्हा काही रंग मावळतात आणि काही उजळून उठतात. साबणाच्या फुग्यावर, किंवा पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पसरतो तेव्हा जे इंद्रधनुष्य दिसते, त्याच्या मागे हेच कारण असते. म्हणजे नाण्यावर रंगद्रव्य असे काहीच नसते. दिसतो तो प्रकाशाचा खेळ.

थर जसजसा जाड होत जातो तसतसे रंग बदलतात आणि त्या बदलाला क्रम असतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस पिंगट, मग किरमिजी, त्यानंतर गडद निळा, मग आकाशी. थर आणखी वाढला की पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी, त्यानंतर हिरवट छटा आणि शेवटी करडा, काळा. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. पुढे खरे आणि खोटे निवडताना त्याचा उपयोग होणार आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा रंग म्हणजे नाण्यावर बसलेली धूळ नव्हे, मळ नव्हे. तो थर नाण्याच्या स्वतःच्या चांदीतूनच तयार झालेला असतो. म्हणून तो काढायचा म्हणजे नाण्याचा वरचा पापुद्रा काढायचा. घासून काढा, औषधात बुडवून काढा, गेली ती चांदी परत येत नाही. आपण ज्याला नाणे स्वच्छ करणे म्हणतो, ते वास्तविक नाणे थोडे कमी करणे असते.

या रंगांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या देशातले नाही, अमेरिकेतले आहे. तिथे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ या काळात चांदीचा एक मोठा डॉलर पाडला गेला. जॉर्ज मॉर्गन या टांकसाळीतल्या कारागिराने त्याचा साचा कोरला, म्हणून तो मॉर्गन डॉलर. वजन सुमारे २६.७ ग्रॅम आणि चांदी शेकडा ९०. चांदीच्या खाणवाल्यांच्या आग्रहामुळे कायदा झाला आणि लोकांना हवे होते त्याहून कितीतरी अधिक डॉलर पाडले गेले. ते चलनात न जाता हजार हजाराच्या जाड कापडी पिशव्यांत भरून सरकारी तळघरांत पडून राहिले. काही पिशव्या साठ साठ, ऐंशी ऐंशी वर्षे उघडल्याच नाहीत. १९६० नंतरच्या वर्षांत त्या लोकांना मिळू लागल्या, तेव्हा त्यांतली बहुतेक नाणी पांढरीशुभ्र निघाली. पण पिशवीच्या कापडाला टेकून असलेल्या थोड्या नाण्यांवर, कापडातल्या गंधकामुळे, निळे, किरमिजी, सोनेरी पट्टे उमटले होते. काहींवर कापडाच्या विणीची नक्षी होती. काहींवर चंद्रकोरीएवढाच रंग होता, कारण शेजारच्या नाण्याने उरलेला भाग झाकून धरला होता. कोणते नाणे पिशवीत कुठे आणि कसे पडून होते, हे त्या नाण्यावरच लिहिलेले होते. आज अशा रंगीत डॉलरला साध्या डॉलरच्या अनेक पट किंमत देणारे संग्राहक आहेत.

या डॉलरचा आपल्याशी एक संबंध आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात हिंदुस्थानात चांदीची भीषण टंचाई झाली. कागदी नोटेच्या बदल्यात लोक रुपया मागू लागले आणि सरकारजवळ रुपये पाडायला चांदी उरेना. तेव्हा अमेरिकेने १९१८ साली कायदा करून तळघरांतले सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी इंग्रज सरकारला विकली. त्या काळी पाडलेल्या पंचम जॉर्जच्या कोट्यवधी रुपयांत ही चांदी मिसळली गेली. तेव्हा आपल्या एखाद्या घरातल्या त्या वेळच्या रुपयात मॉर्गन डॉलरचा अंश असणे अगदी शक्य आहे. तिकडे पिशवीत उरलेली त्याची भावंडे आज रंगांसाठी जपली जातात. इकडे आलेली चांदी मात्र दरसाल घासली जाते.

आता आपल्या घरांकडे वळतो. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया ठरला. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजन आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हे मान एक शतकाहून अधिक टिकले. १९४० साली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. आपल्या बडोद्यात संस्थानचे बाबाशाही नाणे होते. १८९० नंतरच्या दशकात सयाजीराव महाराजांची पगडी घातलेली छबी असलेले यंत्रावरचे सुबक रुपये निघाले. त्यांवर महाराजांचे नाव देवनागरीत आहे, मागील बाजूस 'एक रुपया' ही अक्षरे, संवत आणि तलवार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बाबाशाही चलन बंद होऊन इंग्रजी रुपया आला. हे रुपये आज आपल्या शहरातल्या जुन्या मराठी घरांत अजून सापडतात. देवघरात, फडताळात, कुणाच्या तरी आजेसासूबाईंच्या पेटीत ते असतात.

एका परिचित घरी मला असे सात रुपये पाहायला मिळाले. पाच रुपये दरवर्षी लक्ष्मीपूजनाला बाहेर निघत. रांगोळीने नाहीतर राखेने घासून, पंचामृताने न्हाऊन, हळदकुंकू लागून परत पेटीत जात. उरलेले दोन सराफाच्या गुलाबी कागदाच्या पुडीत पेटीच्या तळाशी दोन पिढ्या विसरून राहिले होते. सातही नाणी दिव्याखाली ठेवली. पाच पांढरी होती, पण तो पांढरेपणा निर्जीव होता. छबीच्या गालावर आणि पगडीच्या पेचांवर बारीक ओरखड्यांचे जाळे पसरले होते. संवताचा शेवटचा आकडा वाचता येत नव्हता. पुडीतले दोन मात्र कडेला गर्द निळे, आत किरमिजी आणि मध्यभागी सोनेरी झाले होते. नाणे जरा कलते केले की रंगाखालून प्रकाशाचा एक झोत चाकाच्या आऱ्यांसारखा फिरे.

हा फिरता प्रकाश म्हणजे नाण्याची जन्मखूण असते. साचा चांदीवर आदळतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. त्या रेषांवरून प्रकाश असा फिरतो. नैसर्गिक रंगाचा पातळ थर त्या रेषा झाकत नाही. रांगोळीच्या दोन हातांत मात्र त्या कायमच्या सपाट होतात.

त्या घरच्या आजींना मी हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो सर, पण लक्ष्मी काळी कशी पूजायची हो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या संस्कारात चांदी उजळणे हे आदराचे लक्षण आहे. घरातली समई, तांब्या, निरांजन लख्ख असणे यात त्या घरच्या बाईचे कष्ट आणि निष्ठा दिसते. तिला 'तुमचा हात नाण्याचा शत्रू आहे' असे सांगणे असंस्कृतपणाचे होईल. मी एवढेच सुचवले की घासलेल्या पाचांतला एक रुपया पूजेचा म्हणून नेमावा. त्याला न्हाऊ घालावे, उजळावे, तो झिजला तर पूजेतच झिजला असे समजावे. बाकीच्यांना पेटीतच असू द्यावे आणि फूल पेटीवर वाहावे. आजींनी हे मान्य केले, पण जाता जाता म्हणाल्या, "म्हणजे न घासणे हीसुद्धा सेवाच म्हणायची." संग्राहकाच्या शास्त्राचे सार त्या एका वाक्यात आले आहे असे मला वाटते.

तांब्याच्या नाण्यांची कथा याहून करुण आहे. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे मिरवणारी शिवराई पुष्कळांच्या संग्रही असते. तांब्यावर काळाने तपकिरी वा हिरवट असा घट्ट थर येतो आणि तो पुष्कळदा आतल्या अक्षरांचे रक्षण करतो. चिंचेच्या कोळात शिवराई बुडवली की हा थर विरघळतो आणि गुलाबी, उघडे तांबे वर येते. ते काही दिवस चमकते आणि मग डागाडागांनी काळवंडते. तीनशे वर्षांत जमलेले एका दुपारी जाते.

तरीही प्रत्येक रंग जपण्याजोगा असतो असे मानू नये, इथे विवेक हवा. चांदीवरचा काळाकुट्ट, जाड, खडबडीत थर शोभा देत नाही आणि त्याखाली पृष्ठभाग खाल्ला गेलेला असू शकतो. रबराच्या पट्टीने उमटलेली काळी रेघ कोणाला आवडेल? तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पुळी दिसली तर ती क्षारांमुळे झालेली व्याधी असते. ती पसरत जाते, तिच्यावर जाणकाराकडून उपचारच हवा. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटांतून सुटणारा चिकट हिरवा द्रव हाही काळाचा अलंकार नव्हे. जपायचा तो रंग समतोल असतो, पातळ असतो, त्याखालची झळाळी आणि कोरीव काम जिवंत असते.

मोल आले की नक्कल येते. नैसर्गिक रंगाला किंमत येताच तो घडवणारे कारागीर निर्माण झाले. गंधकाची द्रावणे, उष्णता, नाना रसायने यांच्या साह्याने एका दुपारी इंद्रधनुष्य उमटवता येते. परीक्षा मग कशी करायची? पहिली कसोटी त्या क्रमाची. खऱ्या रंगात सोनेरीतून किरमिजी, त्यातून निळा, अशी पायरीपायरीने वाट असते. कोऱ्या चांदीलगत एकदम गडद निळा किंवा हिरवा भेटला, मधल्या पायऱ्या गायब असल्या, तर सावध व्हावे. दुसरी कसोटी जागेची. खरा रंग कडेकडून आत येतो, अक्षरांच्या उठावाशी त्याची छटा बदलते, नाणे कुठे टेकले होते याचा माग लागतो. खोटा रंग कोरीव कामाची दखल न घेता वरवर तरंगतो. तिसरी कसोटी ओरखड्यांची. आधी घासलेल्या नाण्यावर मागाहून रंग चढवला असेल तर भिंगाखाली रंगाच्या तळाशी ते जाळे दिसते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात नाणी पारखून मोहोरबंद करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि संशयास्पद रंगाचे नाणे त्या नाकारू लागल्या. तरी सीमारेषेवरच्या नाण्याबाबत जाणत्यांतही मतभेद होतात, हे मान्य केले पाहिजे.

कोणी विचारील, रंग तोच, गंधक तेच, मग निसर्गाने चढवला काय आणि माणसाने चढवला काय? रसायनशास्त्राच्या दृष्टीने फरक पुष्कळदा थोडाच असतो. फरक आहे तो साक्षीचा. खरा रंग सांगतो की हे नाणे अमुक कापडात, अमुक कागदात, अमुक वर्षे कोणाच्या हातात न जाता राहिले. खोटा रंग तेच वाक्य उच्चारतो, पण ते घडलेलेच नसते. तो न घडलेल्या काळाचा दाखला असतो. जुन्या दस्तऐवजाला चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करणाऱ्याला आपण जे म्हणू, तेच इथे म्हणावे लागते.

ज्यांच्या घरी अशी नाणी आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. नाणे नेहमी कडेने धरावे, कारण बोटांचा घाम पृष्ठभागावर ठसा सोडतो. ते कापडाने पुसू नये. वर्तमानपत्र, रबर, लोकरी कापड, चामड्याचा बटवा आणि स्वयंपाकघर यांपासून दूर ठेवावे. मायलारची पाकिटे किंवा निर्धोक प्लास्टिकच्या डब्या वापराव्यात. जागा कोरडी असावी, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विशेष काळजी घ्यावी. पेटी लाकडाची करायची तर ओक टाळावा, त्यातून आम्ल सुटते. युरोपातले जुने संग्राहक महोगनीचे खण वापरीत ते याच अनुभवाने. आणि शेवटचे म्हणजे रंग आवडला म्हणून तो वाढावा अशा खटपटीत पडू नये. जो थर आज निळा आहे तोच वाढत गेला तर काळा होणार आहे. ज्या क्रियेने शोभा आली तीच पुढे ऱ्हास करणार आहे. तिला मंद करणे एवढेच आपल्या हाती असते.

जिज्ञासूंनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे नाव ऐकले असेल. १९८० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोठा वाटा होता. नाणे हे अभ्यासाचे साधन आहे, ही दृष्टी आपल्या भागात रुजवण्यात अशा प्रयत्नांचे ऋण मोठे आहे. अभ्यासकाला अक्षर हवे असते, वजन हवे असते, टांकसाळीची खूण हवी असते. घासलेले नाणे यांतले प्रत्येक थोडेथोडे हरवून बसते. तेव्हा रंग जपणे हा केवळ हौशी माणसाचा सौंदर्याचा लाड नव्हे. रंग जपला जातो तेव्हा त्याखालचा पुरावाही जपला जातो.

हे सगळे मी एका ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात बोलतो आहे, हे मला अप्रस्तुत वाटत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था लावली. त्या परंपरेच्या शहरात आपण बसलो आहोत. आपल्या कपाटांतही पिवळी पडलेली पाने आहेत. समासात कोणा वाचकाने शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत, देणगीदारांच्या सह्या आहेत, जुने शिक्के आहेत. पुस्तक नव्याने बांधायला दिले की बांधणारा कडा कापून सरळ करतो आणि समासातला शेरा अर्धा कापला जातो. मुखपृष्ठ बदलताना पहिल्या मालकाचे नाव केराच्या टोपलीत जाते. बुरशी आणि वाळवी यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, तिथे कसूर नको. पण वाळवी कोणती आणि वय कोणते, हे ओळखण्याची नजर आपल्याला हवी. पुढची शंभर वर्षे हा संग्रह ज्यांच्या हाती जाईल, त्यांना ही नजर आपल्याकडून मिळावी.

येत्या दिवाळीत पेटी उघडाल तेव्हा नाण्यांची पुडी एकदा दिव्याखाली धरून पाहा. रंग दिसला तर घासायला हात पुढे करण्याआधी घरातल्या मुलांना तो दाखवा आणि पुडी होती तशी परत ठेवून द्या.